वांगं उलटून न पाहणारं गिऱ्हाईक

मार्च लागला की आमच्या इकडे अर्धा जिल्हा तोंड बांधून फिरतो. बायका ओढणीनं, माणसं दुपट्ट्यानं, कॉलेजातल्या पोरी तर नुसती डोळ्यांपुरती फट ठेवतात. बाहेरचा माणूस पुलगावच्या चौकात उतरला तर त्याला वाटावं, दरोड्याची तयारी चाललीय. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. ऊन आहे, तोंड बांधलं.

नाचणगावचा वैभव या दिवसांत पानठेल्यावर उभा राहून एक खेळ खेळायचा. समोरून मोटरसायकल आली की ती जवळ पोचायच्या आधी माणसाचं नाव सांगायचं. तोंड बांधलेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, गाडीही कुणाची तरी मागून आणलेली. तरी हा सांगायचा, "हा मुकेशचा सासरा." गाडी थांबायची, दुपट्टा सुटायचा, आणि मुकेशचा सासराच निघायचा. मुकेशला स्वतःला ओळखू आलेला नसायचा.

"कसा बे ओळखतं तू?" मुकेश विचारायचा. हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

"तोंडाकडं पाहाचंच नाई. हाताकडं पाहाचं. गेर टाकून झाला, ब्रेक मारून झाला, हाताले काई काम नाई राह्यलं, का तो हात आपल्या मालकासारखा वागते. तोंडाले खोटं बोलता येते. रिकाम्या हाताले नाई येत."

"कोठी शिकला हे?"

"जपानात," वैभव म्हणायचा, आणि पानठेल्यावरची सगळी हसायची.

पण ते खरंच होतं. वैभव एक जपानी चित्रकथा वाचायचा. 'बारा छत्र्या' म्हणायचे तिला आपल्याकडचे वाचणारे. महिन्याला एक भाग यायचा. तिकडे जपानीत निघाला की कोणीतरी त्याचं इंग्रजी करायचं, कोणीतरी हिंदी, आणि तो नाचणगावच्या शिवारात वांग्याच्या वाफ्यात बसलेल्या वैभवच्या फोनवर उतरायचा. त्या कथेत मिओ नावाची एक तपास करणारी बाई आहे. एका बंदराच्या गावात बारा बदमाश आहेत, प्रत्येकाजवळ एक काळी छत्री. मिओनं एकेक करून ते ओळखले. पण तेरावा कोणीतरी आहे. त्याच्याजवळ छत्री नाही. तो मिओच्या जवळच्याच माणसांत वेष बदलून राहतो, तिच्या सुखदुःखाला येतो, आणि तिला पत्ता नाही.

हा तेरावा कोण, यावर जगभरचे लोक वर्षानुवर्षे भांडत होते. मिओचा भाऊ समुद्रात बुडाला तो मेलाच नाही, चेहरा बदलून परत आलाय, हा सगळ्यांत मोठा गट. दुसरे म्हणायचे, बंदरावरचा आंधळा बासरीमास्तर आंधळा नाहीच. एका चित्रात त्यानं डबकं टाळून पाय टाकलाय. कोणी म्हणायचं, खुद्द मिओच तेरावी, झोपेत उठून ती दुसरी होते. एका पोरानं तर मिओच्या मांजरीवर संशय घेऊन लांबलचक लिहिलं होतं, आणि ते वाचण्यासारखं होतं.

वैभवचं म्हणणं सगळ्यांपेक्षा वेगळं. तो म्हणायचा, तेरावी ती शेवयांच्या गाडीवरची म्हातारी आहे, फूमी. तिच्यावर कोणाचाच डोळा नव्हता, कारण ती सगळ्यांना फुकट रस्सा पाजते. वैभवनं काय पकडलं होतं? अगदी सुरुवातीच्या एका भागात फूमी गिऱ्हाइकाची वाट पाहत बसली आहे आणि तिचा डावा अंगठा वाटीच्या काठावरून उलटा फिरतोय. पुढे कितीतरी भागांनंतर अंधारात बसलेला तेरावा दाखवलाय, नुसती सावली, पण त्याच्या हातात कप आहे आणि अंगठा काठावरून उलटा फिरतोय. बाकीचे लोक चेहरे, जखमा, केस, चपला तपासत होते. हा एकटा रिकामे हात तपासत होता.

फोनवर या मंडळींचा एक मोठा गट होता. त्यात वैभव 'धुऱ्यावरून' या नावानं लिहायचा. धुरा म्हणजे आमच्याकडे वावराचा बांध, आणि तो खरोखर बांधावर बसूनच लिहायचा. पण तिकडे त्याला लोक 'सर' म्हणायचे. एकदा एका मुलीनं विचारलं, सर तुम्ही कुठे असता? वैभवनं कोथिंबिरीची, म्हणजे आमच्या सांबाराची, जुडी बांधता बांधता उत्तर टाकलं, "पुण्यात. आयटीत." मग जुडीच्या गाठीचा दोर दातानं तोडला.

त्याच्या बापाला, श्रावणला, या पुस्तकाचा राग एकाच गोष्टीसाठी होता. ते उजवीकडून डावीकडे वाचतात.

"उलटं वाचते म्हणून उलटा वागते," श्रावण म्हणायचा. "सुलट वाचलं असतं तं आतापर्यंत दोन लेकरं असते."

आणि आई, कुसुमबाई, म्हणायची, "वाच बाप्पा काय वाचाचं ते, पण घरात तेरावा तेरावा नको करत जाऊ. चांगलं नाई वाटत कानाले."

लेकरं सोडा, वैभवला बायकोच मिळत नव्हती. पोरगा तिशी ओलांडलेला, बी.ए. झालेला, दारू नाही, तंबाखू-खर्रा नाही. पाण्याची विहीर, बारमाही भाजीपाला, नाचणगावची वांगी म्हटली की पुलगावच्या बाजारात त्यांचंच डालं आधी रिकामं व्हायचं. पण पोरीवाले यायचे, पोहे खायचे, वावर पाहून खूश व्हायचे आणि शेवटी विचारायचे, "पोरगा काय करते?" "वावर पाह्यते." मग ते चहा अर्धा ठेवून उठायचे. सगळ्यांना वावर पाहिजे होतं. वावरात जाणारा नवरा कोणालाच नको होता.

मध्ये काही महिने वैभव सावंगीला एका दवाखान्यात कामाला होता. पेशंटचं कार्ड काढायच्या खिडकीत बसायचा. ठेकेदार बदलला, नव्यानं आपली माणसं आणली, हा घरी आला. त्याला वाईटही वाटलं नाही. खिडकीतून दिवसभर आजारी तोंडं पाहण्यापेक्षा वांगी बरी, असं तो म्हणाला. पण गळ्यात अडकवायचं ओळखपत्र त्याच्याकडेच राहिलं होतं, निळ्या पट्ट्याचं, फोटोवालं. ते आरशाजवळच्या खिळ्याला टांगलेलं असायचं.

ते अण्णाजींना दिसलं. अण्णाजी म्हणजे सोयरिकी जुळवणारा माणूस. त्याचा धंदा नाही तो, हौस आहे; पण त्या हौसेत त्यानं पाऊण तालुका एकमेकांच्या घरात नेऊन बसवलाय. त्यानं ते ओळखपत्र खिळ्यावरून काढलं, शर्टाला पुसलं आणि वैभवच्या गळ्यात घातलं.

"हा पाहा आता नवरदेव दिसते," अण्णाजी म्हणाला.

"नोकरी सुटली न जी ती," वैभव म्हणाला.

"सुटली हे तुले मालूम, मले मालूम. पट्ट्याले कोठी मालूम हाये?"

"लग्न झाल्यावर समजनच न."

"लग्न झाल्यावर सांगजो का सुटली. नोकऱ्या सुटतच राह्यतात. आधी सुटली आन मंग सुटली, याच्यात फरक काय हाये?"

श्रावणला हे पटलं. कुसुमबाई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आणि वैभवला, खरं सांगायचं तर, मजा वाटली. इतकी वर्षं दुसऱ्यांचे वेष ओळखले, आता आपण एक घालून पाहू.

स्थळ वडनेरचं होतं. वासुदेवरावांची मुलगी काजल. घर कास्तकाराचं, कापूस-तुरीचं. काजल हिंगणघाटला औषधाच्या दुकानात बसायची, रोज बसनं जायची-यायची. वासुदेवरावांनी बैठकीत पहिल्यांदाच सांगून टाकलं, "आमची एकच गोष्ट हाये. पोरगी आम्ही वावरात नाई धाडली, धाडनारही नाई." अण्णाजीनं वैभवच्या गळ्यातला पट्टा हळूच सरळ केला.

दोघांना बोलायला आतल्या खोलीत बसवलं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता म्हणून लोकांनी विकला नव्हता. त्यामुळे खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला. एका बाजूला तो पांढरा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. बाहेर बोललेलं आत काही ऐकू येत नव्हतं.

"मोबाइलवर काय पाहता तुम्ही?" काजलनं विचारलं.

वैभवनं तोंड उघडलं. जिभेवर मिओ आली, फूमी आली, छत्र्या आल्या. मग त्याला वाटलं, ही हसेल. इतका मोठा माणूस चित्रांची पुस्तकं पाहतो.

"क्रिकेट," तो म्हणाला.

"मले नाई आवडत क्रिकेट."

"मले बी एवढं नाई आवडत."

"मंग काऊन पाहता?" ती हसली. हसताना तिनं तोंडावर हात नेला नाही, हे वैभवनं पाहिलं. मग तिनं विचारलं, "सावंगीले रोज जानंयेनं का?"

"हाव. पॅसेंजरनं."

"खरंच न?"

"म्हणजे?"

"नाई, असंच विचारलं. इथं आलेले सारेच कोठी न कोठी नोकरीले असतात."

तिनं वाट दिली होती. आता ते कळतं. त्या वेळी वैभवला गळ्यातला पट्टा मानेला टोचतोय एवढंच कळलं.

"खरंच," तो म्हणाला.

तो उठला तेव्हा ती म्हणाली, "थांबा. मांगून कापूस लागला तुमच्या पँटले. झटका, नाई तं बाहेर सारे हासतीन." त्यानं झटकला. थोडा राहिलाच. परत येताना बसमध्ये त्याला तो मांडीवर सापडला आणि त्यानं तो बोटांत धरून ठेवला, पुलगाव येईपर्यंत.

पसंती आली. चैत्रात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं. काजलचा फोन नंबर आला. ती दुकानातून घरी जायच्या बसमधून फोन करायची आणि दिवसभरात आलेल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायची. कोण खोकल्याच्या औषधाच्या नावाखाली काय मागतं, तेही सांगायची. वैभव सावंगीच्या गोष्टी सांगायचा. जुन्याच होत्या, खिडकीतल्या, पण त्या तो कालच्या म्हणून सांगायचा. एकेका गोष्टीनंतर त्याला वाटायचं, आज सांगू. मग बस वडनेरला पोचायची.

आता एक रिवाज सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे मुलीवाले बैठकीला सगळी माणसं आणत नाहीत. एक माणूस घरी ठेवतात. बहुतेक मामा. त्याचं तोंड मुलाकडच्यांनी पाहिलेलं नसतं. सोयरीक पक्की व्हायच्या आधी तो एकटा गावात येतो. बैल पाहायला आलो म्हणतो, कडबा आहे का विचारतो, पानठेल्यावर पान खातो, कटिंगच्या दुकानात दाढी करून घेतो, आणि गोष्टीत गोष्ट काढून मुलाची सगळी कुंडली घेऊन जातो. हे सगळ्यांना माहीत असतं. मुलाकडच्यांनीही दुसऱ्या गावात हेच केलेलं असतं.

म्हणून अण्णाजी आधीच येऊन गावभर फिरला. पानठेलेवाल्याला सांगितलं, कटिंगवाल्याला सांगितलं, पिठाच्या चक्कीवर सांगितलं, "कोणी विचारलं तं वैभव सावंगीले नोकरीले हाये. बस. जास्त बोलाचं नाई." गाव असं की एरवी कोणाचं चांगलं बघवत नाही, पण या बाबतीत सगळे एक. ज्याच्या त्याच्या घरी बिनलग्नाचा पोरगा. आज मी तुझ्यासाठी बोलतो, उद्या तू माझ्यासाठी.

जाताना अण्णाजी वैभवला म्हणाला, "तुले काय सांगू? तू तं मोठा ओळखनारा हायेस. माणूस आला का समजून जाजो."

"तोंड बांधून येऊ द्या नाई तं मिशा लावून येऊ द्या," वैभव म्हणाला, "माह्याजवळून नाई सुटत."

तो आला तो शिमग्यानंतरच्या आठवड्यात, ऊन चांगलं तापलेलं असताना. वैभव विहिरीजवळच्या निंबाखाली बसला होता. फूमीवरचा नवीन पुरावा सापडला होता आणि तो गटावर लिहायचं जुळवत होता. गाडी रस्त्यावर थांबली. दुपट्टा बांधलेला माणूस धुऱ्यावरून चालत आला, दुपट्टा सोडला, तोंड पुसलं. पन्नाशीचा, साधा, कोणत्याही गावचा वाटावा असा.

"वांगे हायेत म्हणे अथी. माही मेस हाये देवळीले. रोजचे पायजे."

"हायेत न जी. पाहा, घ्या हातात."

माणसानं वाफ्यातलं एक वांगं तोडलं आणि हातात घेतलं.

इथे थांबू. वांग्याचं गिऱ्हाईक, मग तो मेसवाला असो, बाजारातली बाई असो की सहा वर्षांचं पोरगं असो, वांगं हातात आलं की पहिल्यांदा उलटतं. देठाखाली पाहतं, अळीचं भोक आहे का. विचार करून नाही, हात आपोआप करतो. या माणसानं वांगं नुसतं हातात धरलं. चेंडू धरावा तसं. आणि सबंध वेळ ते तसंच धरून बसला.

वैभवनं ते पाहिलं. पाहिलं नाही असं नाही. त्याच्या डोक्यात काहीतरी टकटक झालं. पण तेवढ्यात तो माणूस निंबाखाली बसत म्हणाला, "काय पाहून राह्यले गा मोबाइलमंधी? एवढं डोकं घालून?"

"काई नाई जी. पुस्तक हाये."

"कायचं पुस्तक?"

"हासान तुम्ही."

"नाई हासत. सांग."

वैभवला आजवर असं कोणी विचारलंच नव्हतं. बापानं विचारलं नाही, मुकेशनं विचारलं नाही. गटावरचे लोक विचारायचे, पण ते पुण्याच्या आयटीवाल्याला विचारायचे. इथे, त्याच्या स्वतःच्या निंबाखाली, त्याच्या चिखलाच्या पायांकडे पाहत एक माणूस विचारत होता. वैभवनं सांगायला सुरुवात केली. मिओ सांगितली. बारा छत्र्या सांगितल्या. भाऊवाल्यांचा गट, बासरीमास्तरवाल्यांचा गट, मांजरवाला पोरगा. फोन त्या माणसापुढे धरून चित्रं दाखवली, उजवीकडून डावीकडे कसं वाचायचं ते शिकवलं. माणूस पुढे सरकून पाहत होता.

"पण ती म्हातारी तं रस्सा पाजते साऱ्यायले," माणूस म्हणाला. "ते कशी असन?"

"तेच तं! म्हणूनच कोणी पाहात नाई. जो आपलं सारं आयकून घेते, त्याच्यावर कोण शंका घेते?"

हे वाक्य तो बोलला. त्याच्याच तोंडून निघालं.

"बाप्पा," माणूस म्हणाला. "हाताच्या अंगठ्यावरून! एवढं डोकं हाये, मंग नोकरी काऊन नाई केली गा कोठी? वावरात काऊन बसला?"

आणि वैभव सुटला. इतक्या महिन्यांचं साचलेलं. सावंगीची खिडकी, ठेकेदार, सुटलेली नोकरी. वांग्यात मन कसं लागतं ते. मग म्हणाला, "आता तं लग्नासाठी पुन्हा नोकरीले लागलो हावो जी. गळ्यात पट्टा घालून. तथी पट्टा घालून जातो, आन अथी येऊन काढून ठेवतो."

"पोरीले मालूम हाये?"

"नाई. सांगाचं हाये. चांगली हाये पोरगी. लय चांगली हाये. हासते तवा तोंडावर हात नाई धरत."

 माणूस उठला, दुपट्टा बांधला. "वांग्याचं सांगतो मंग मी," म्हणाला. हातातलं वांगं त्यानं निंबाच्या बुडाशी ठेवलं, जपून, जसं कोणाचं सामान परत करावं. आणि गेला.

संध्याकाळी कुसुमबाईनं विचारलं, "कोण आलतं वावरात? गाडी दिसली रस्त्यावर."

"मेसवाला होता. देवळीचा. वांग्यासाठी."

"किती नेले?"

"नेले नाई."

"मंग आलता कायले?"

वैभव तोंडात घास घेऊन तसाच बसला. मग त्यानं ताट बाजूला सारलं.

दोन दिवसांनी अण्णाजी आला तो दारातूनच ओरडत. "साऱ्या गावानं तोंड सांभाळलं! पानठेलेवाल्यानं सांभाळलं, कटिंगवाल्यानं सांभाळलं. अरे, चक्कीवरची ते बहिरी बाई, तिनं सांभाळलं! आन ज्याचं लग्न तोच मामाले मांडीवर घेऊन सांगत बसला?"

तो माणूस काजलचा मामा रूपराव होता. वडनेरवाल्यांनी निरोप दिला होता, साक्षगंध राहू द्या.

श्रावणनं पोराकडे पाहिलं नाही. खिळ्यावरचं ओळखपत्र पाहत म्हणाला, "वांगे पाहाले आला आन तुले पाहून गेला. आन भोक सापडलं त्याले." नंतर बरेच दिवस बापलेक एका वाफ्यात काम करायचे आणि बोलायचे ते आईमार्फत.

काजलनं फोन उचलला नाही. मग एक दिवस तिनंच केला. मागे बसचा आवाज होता.

"मी सांगनारच होतो," वैभव म्हणाला. "तुमची शपथ. वावरात हावो म्हणून राग आला न तुम्हाले? खोटं बोललो म्हणून?"

"वावराचं बाबाले हाये. मले अर्धं हाये, अर्धं नाई," ती म्हणाली. "आन खोटं तं सारेच बोलतात. मले पाहाले आले त्यायच्यातला एक कलेक्टर हापिसात होता म्हणे, तो तथी चहा द्याचा. त्याचं काई नाई."

"मंग?"

"मी तुम्हाले विचारलं होतं. खरंच न, म्हणून विचारलं. तुम्ही मले नाई सांगतलं. आन एका रस्त्यावरच्या माणसाले सारं सांगतलं. ते पुस्तकाचं बी. मले म्हणे क्रिकेट."

वैभव फोन कानाला धरून खाली बसला.

"मामा म्हणत होते, पोट्टा लय छान बोलते. मी म्हटलं, असन. मह्यासंगं नाई बोलला कधी." बसचा ब्रेक लागला. "ठेवते. वडनेर आलं."

गाव मात्र त्याच्यावर चिडलं ते चिडलंच. सगळे त्याच्यासाठी खोटं बोलले होते आणि त्यानं सगळ्यांना खोटं पाडलं होतं. कटिंगवाला म्हणाला, आता मह्या भाच्याच्या वेळी कोण विश्वास ठेवनार? पानठेल्यावर त्याच्या खेळाचं हसं झालं. तोंड बांधलेला कोणी आला की मुकेशच ओरडायचा, "वैभ्या, हा कोण बे? याच्या हाताकडं पाह्य न जरा! का सांगून टाकतं याले बी सारं?" वैभवनं तिकडे जाणं सोडलं.

चैत्र संपता संपता 'बारा छत्र्या'चा तो भाग आला. शेवयांच्या गाडीवरची फूमी मिओपुढे उभी आहे. चेहऱ्यावरची कातडी तशीच सुरकुतलेली, नुसता पाठीचा बाक गेलाय. अंगठा वाटीच्या काठावर. तेरावी तीच होती. गटावर एकच गोंधळ उडाला. भाऊवाले हरले, मांजरवाल्या पोरानं टाळ्या टाकल्या, शेकडो लोक 'धुऱ्यावरून' सरांना शोधत होते. सर, तुम्ही दैवी आहात. सर, कसं ओळखलंत? पुण्यात भेटू या ना सर.

वैभव वाफ्याला पाणी देत होता. त्यानं ते सगळं वाचलं. फोनवरून गट काढून टाकला. फोन खिशात घातला आणि वाफ्याचं मातीचं दार फोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं.

त्याच आठवड्यात अण्णाजी पुलगावच्या बाजारात भेटला. आधी बोलणार नव्हता. मग न राहवून म्हणाला, "रूपराव भेटला होता देवळीले एका लग्नात. विचारत होता तुले."

"काय?" वैभवच्या हातातला तराजू थांबला.

"म्हणे, ते म्हातारी निघाली का तेरावी? का कोण होतं?"

वैभवनं तराजूत वांगी टाकली. "सांगजा त्यायले," तो म्हणाला, "पुस्तक बंद पडलं."

वैशाखात आर्वीकडचा एक व्यापारी वावरात आला. टेम्पो रस्त्यावर उभा करून, दुपट्ट्यानं तोंड बांधून. वैभव आणि कुसुमबाई वांगी तोडत होते. व्यापाऱ्यानं न विचारता एक वांगं तोडलं, उलटलं, देठाखाली अंगठा फिरवला, धुऱ्यावर फेकलं. दुसरं तोडलं, उलटलं. "माल चांगला हाये," म्हणाला. "रोजचा देशीन का? टेम्पो भरून?"

वैभव वाफ्यातून उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, बोटं वांग्याच्या काट्यांनी काळी.

"मी अथी नसतो जी," तो म्हणाला. "मी सावंगीले नोकरीले हावो. आज सुट्टी हाये म्हणून आलतो."

व्यापाऱ्यानं दुपट्टा तोंडावरून खाली ओढला आणि त्याला पायापासून वरपर्यंत पाहिलं. "मले वांगे पायजे भाऊ. तुह्या नोकरीचं मी काय करू? मालक कोठी हाये?"

"मालक नाई अथी."

"मंग बोलू कोणासंगं?"

"नाई मालूम."

 व्यापारी मान हलवून धुऱ्यानं परत गेला. टेम्पो सुरू झाला, धूळ उडाली, ती निंबाखालच्या सावलीत येऊन बसली.

कुसुमबाईच्या हातात वांग्यांनी भरलेलं डालं होतं. ती टेम्पोकडे पाहत होती.

"अरे, तो खराच वांग्याचा होता," ती म्हणाली. "उलटून पाह्यलं न त्यानं."

"मले मालूम हाये," वैभव म्हणाला. "रस्त्यावरच्या माणसाले खरं सांगाचं सोडलं मी." आणि पुन्हा खाली बसून तोडायला लागला.